मच्छीमार नगरापासून नॅटग्रिडपर्यंत

२६ नोव्हेंबर २००८. कटकला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना सुरू होता आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरात मंडळी टीव्हीसमोर बसली होती. रात्री नऊच्या आगेमागे बधवार पार्कजवळच्या किनाऱ्याला एक रबरी बोट लागली. पाठीवर जड बॅगा घेतलेली तरुण पोरं उतरली. ही आपल्यातली नव्हेत, हे वस्तीतल्या लोकांनी तेव्हाच ओळखलं. त्यांनी हटकलं, तर उडवाउडवीची उत्तरं मिळाली. पुढचे तीन दिवस मुंबईने काय भोगलं ते सांगायला नको.

सरकारांकडे तेव्हा माहिती नव्हती का? होती. एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांच्या आधारे डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, प्रोपब्लिका आणि फ्रंटलाइन यांनी एक मोठा वृत्तांत दिला. लष्कर-ए-तैयबाचा तंत्रज्ञ झरार शाह हल्ल्याची तयारी करत होता, तेव्हा ब्रिटनची जीसीएचक्यू ही हेरसंस्था त्याच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवून होती. एक भारतीय यंत्रणाही तेच करत होती. नोंदी साठत गेल्या, पण वेळेत त्या वाचून एकमेकींशी जुळवणारं कुणी नव्हतं. अमेरिकेने ताजसारख्या ठिकाणांबाबत दिलेले इशारेही असेच सुटे राहिले.

यावर उपाय म्हणून आणखी माहिती गोळा करायचं ठरलं. २००९ मध्ये मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्याची योजना आली. फोटो आणि बोटांचे ठसे घेतले गेले. शहरात सीसीटीव्हीचं जाळं उभं राहिलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा कॅमेऱ्यांची संख्या ४,७०० च्या आसपास होती. दिल्लीत नॅटग्रिडची आखणी झाली. बँक, कर, प्रवास, फोन अशा वेगवेगळ्या खात्यांतल्या नोंदी तपास यंत्रणांना एकाच ठिकाणाहून पाहता याव्यात, ही त्यामागची कल्पना. आज एखाद्या तांडेलाचं नाव आधारमध्ये आहे, मच्छीमार कार्डावर आहे, बोटीच्या परवान्यात आहे आणि डिझेल परताव्याच्या यादीतही आहे.

यातली एकेक नोंद निरुपद्रवी दिसते. धोका सुरू होतो तो त्या एकत्र आल्या की. माणूस कुठे राहतो, कुणाशी बोलतो, पैसे कुठे ठेवतो, समुद्रावर कधी जातो हे सगळं एका पडद्यावर दिसू लागलं, की तो पडदा पोलिसांइतकाच खंडणीखोरालाही हवासा वाटतो. शत्रुराष्ट्राच्या हेरांना तर वाटतोच.

अशी माहिती फुटते कशी, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी खाजगी गुप्तहेरांना अटक केली. लोकांचे सीडीआर, म्हणजे फोनच्या नोंदी, विकल्याचा आरोप होता. सीडीआरमध्ये संभाषण नसतं. कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कुठल्या टॉवरखाली होता, एवढंच असतं. पण महिनाभराचा सीडीआर हाती आला की माणसाचं घर, कामाची जागा, नात्यागोत्याचे आणि लपवलेले संबंध सगळं उलगडतं. कायद्याने या नोंदी पोलिसांना तपासासाठी मागवता येतात. ठाण्याच्या त्या तपासात यवतमाळच्या एका पोलीस शिपायालाही अटक झाली. भिंत कितीही जाड बांधा, दाराची किल्ली शेकडो हातांत असेल तर त्यातला एक हात विकला जाणं पुरेसं असतं. नवरा-बायकोच्या भांडणात, धंद्यातल्या वैरात हा माल खपतो. ज्याची नोंद विकली गेली त्या माणसाला पत्ताही नसतो.

काही वेळा सरकारने स्वतःसाठी ठेवलेलं दारच चोराच्या कामी येतं. अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाने फोन ऐकता यावेत म्हणून कंपन्यांना १९९४ च्या कायद्याने तशी सोय ठेवावी लागते. २०२४ मध्ये चीनशी जोडल्या गेलेल्या ‘सॉल्ट टायफून’ या हॅकर गटाने काही दूरसंचार कंपन्यांत शिरून त्या सोयीशी निगडित माहितीपर्यंत मजल मारली. कुणाच्या फोनवर अमेरिकी सरकारची नजर आहे, हे परक्या हेराला कळण्याइतकी मोठी चूक दुसरी नसेल.

बोटांच्या ठशांचं तर आणखी कठीण. २०१५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी खात्यातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात ५६ लाख लोकांचे ठसे होते. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोटं तीच राहतात, जन्मभर. बर्फ, खारं पाणी आणि जाळ्याची दोरी यांनी ज्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजतात, त्यांना यंत्र आधीच ओळखायला कुरकुरतं. त्यांचे ठसे चोरीला गेले तर तक्रार तरी कोणत्या पुराव्यावर करायची?

पाळत नकोच, असं मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर उभं राहून कुणी म्हणणार नाही. पण साठवलेल्या प्रत्येक नोंदीची राखण करावी लागते. ती कुणी उघडली याची नोंद ठेवावी लागते, आणि काम संपल्यावर ती पुसावीही लागते. यंत्रणेबाहेरच्या कुणीतरी हे सगळं तपासायला हवं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे.

एस्टोनियात नागरिकाला आपली सरकारी नोंद कुठल्या खात्याने, कधी पाहिली हे ऑनलाइन बघता येतं. आपल्याकडे आधारपुरती अशी सोय आहे. आधार कुठे वापरलं गेलं याचा तपशील संकेतस्थळावर मिळतो आणि ठसे कुलूपबंदही करता येतात. नॅटग्रिडबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असल्याखेरीज उत्तर देणं बंधनकारक नाही. २०११ पासून ही यंत्रणा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे.