शांतिसेनेच्या परतीची तारीख

१ जून १९८९ रोजी श्रीलंकेचे अध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी जाहीर करून टाकले, की भारतीय सैन्याने २९ जुलैपर्यंत देश सोडावा. तारीख मुद्दाम हेरलेली होती. बरोबर दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी कोलंबोत भारताचे पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी तमिळ बंडखोरी मिटवण्यासाठीच्या करारावर सह्या केल्या होत्या आणि त्याच कराराच्या आधारे भारतीय शांतिसेना बेटावर उतरली होती. तिथून पुढे दहा महिने ‘सैन्य परत कधी?’ हा एकच प्रश्न कोलंबो, दिल्ली आणि मद्रासमध्ये गाजत राहिला. प्रत्येक ठिकाणी त्यामागचे राजकारण मात्र निराळे होते.

मुळात करार झाला तो दोन सरकारांमध्ये. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची होती, त्या तमिळ संघटनांपैकी कुणाचीच त्यावर सही नव्हती. त्यांतल्या सर्वांत प्रबळ, स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या लिट्टेने थोडी शस्त्रे दिली, बरीचशी दडवली. ऑक्टोबर १९८७च्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेच्या काही जणांना समुद्रात पकडले. त्यांना कोलंबोला नेण्याची तयारी सुरू होताच जाफन्याजवळच्या पलाली तळावर त्यांनी सायनाइड खाल्ले. बारा जण दगावले. त्यानंतर लिट्टेने युद्धबंदी झुगारली आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास शांतिसेनेने उत्तरेतले तमिळबहुल जाफना शहर घेण्यासाठी ‘ऑपरेशन पवन’ सुरू केले. ज्या जाफन्यात लोकांनी हार घालून जवानांचे स्वागत केले होते, तिथेच अडीच महिन्यांच्या आत गल्लीबोळांत लढाई पेटली.

पहिलाच घाव जिव्हारी लागला. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवून लिट्टेचे नेतृत्व पकडायचे, असा बेत होता. लिट्टेला त्याचा सुगावा आधीच लागला होता. कमांडोंबरोबर १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान उतरले आणि गोळीबार एवढा वाढला, की त्यांच्यामागून कुमक उतरवता आली नाही. सकाळ उजाडल्यावरही ते लढत होते. तिसांपैकी एकोणतीस मारले गेले, एक कैदेत सापडला. त्याच महिन्यात जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय जवानांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मिळून साठेक माणसे मेली. तमिळ जनता शांतिसेनेकडे पाठ फिरवू लागली ती तेव्हापासून.

या लढाईत शौर्यही गाजले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महार पलटणीचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर छापा पडला. त्यांनी शत्रूला मागून घेरले. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली, तेव्हा त्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. महार रेजिमेंटच्या वाट्याला आलेले हे एकमेव परमवीर चक्र.

पण १९८९पर्यंत प्रश्न शौर्याचा उरला नव्हता, अधिकाराचा झाला होता. कराराच्या परिशिष्टात लिहिले होते, की गरज पडल्यास श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय तुकडीला निमंत्रण देऊ शकतील. प्रेमदासांचा युक्तिवाद सरळ होता: निमंत्रण अध्यक्षांचे, तर ते मागे घेण्याचा हक्कही अध्यक्षांचाच. राजीव गांधींचे उत्तर असे, की भारत या कराराचा हमीदार आहे. तमिळांना कबूल केलेले अधिकार आणि त्यांची सुरक्षितता यांची तजवीज झाल्याशिवाय एका बाजूने तारीख ठरवता येणार नाही. जून-जुलैमध्ये दोन्ही नेत्यांची कडक भाषेतली पत्रे सुरू होती.

प्रेमदासांची घाई समजण्यासारखी होती. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली डाव्या संघटनेने बंड पुकारले होते. संप, हत्या, भारतीय मालावर बहिष्कार असे सगळे चालू होते आणि परकी फौज हे तिच्या हातातले सर्वांत मोठे कोलीत होते. प्रेमदासांनी लिट्टेशी बोलणी सुरू केली. इतकेच नव्हे, तर शांतिसेनेशी लढायला लिट्टेला सरकारी शस्त्रे दिल्याचे पुढे उघडकीला आले.

दिल्लीत तोवर निवडणुकीचे वारे वाहू लागले होते. २८ जुलैला दोन्ही सरकारांनी तोड काढली आणि दुसऱ्या दिवशी एक तुकडी मायदेशी निघाली, म्हणजे प्रेमदासांची तारीख पाळल्यासारखेही झाले आणि बहुतेक फौज जिथल्या तिथे राहिली. सप्टेंबरमध्ये वर्षअखेरपर्यंत माघारीचे प्रयत्न करण्याचे ठरले. डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले. त्यांच्या राष्ट्रीय आघाडीत तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांचा द्रमुक पक्ष होता आणि शांतिसेना ही नव्या सरकारला नकोशी झालेली मागची देणी होती. २४ मार्च १९९० रोजी शेवटचे जवान त्रिंकोमालीहून जहाजाने निघाले. मद्रासला त्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ज्या सैन्याने तमिळांना मारले त्याचे स्वागत कसे करायचे, अशी त्यांची भूमिका होती. त्या सैन्याने अकराशेहून अधिक माणसे गमावली होती.

या वादात सर्वांत कमी चर्चा झाली ती मागे राहणाऱ्यांची. भारताच्या पाठबळावर १९८८मध्ये उत्तर आणि पूर्व एकत्र करून केलेल्या ईशान्य प्रांताची निवडणूक झाली होती आणि ईपीआरएलएफ या लिट्टेविरोधी तमिळ पक्षाचे वरदराज पेरुमाल मुख्यमंत्री झाले होते. भारतीय सैन्य गेल्यावर त्यांना आधार हवा म्हणून तमिळ तरुणांचे दल उभारले गेले. त्यात अनेकांना जबरदस्तीने भरती केले होते. शांतिसेना मागे सरकू लागली तसे हे दल कोसळले आणि त्याची भारतीय शस्त्रे लिट्टेच्या हाती पडली. पेरुमाल भारतात पळून आले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभा यांचा जून १९९०मध्ये मद्रासमध्येच लिट्टेने खून केला. त्याच महिन्यात लिट्टेने श्रीलंकेच्या शेकडो शरणागत पोलिसांना ठार मारले. प्रेमदासांशी झालेला समेट मोडला आणि युद्ध पुन्हा सुरू झाले.

राजीव गांधी २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला आणि प्रेमदासा १ मे १९९३ रोजी कोलंबोत मारले गेले, दोघेही लिट्टेच्या आत्मघाती हल्ल्यात. कोलंबोजवळ संसद भवनाच्या परिसरात श्रीलंकेने शांतिसेनेचे स्मारक उभारले आहे आणि भारताचे पंतप्रधान तिथे पुष्पचक्र वाहतात. माघारीबरोबर ज्या अधिकारांची सांगड राजीव गांधी घालू पाहत होते, ते श्रीलंकेच्या राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीत लिहिलेले आहेत. उत्तर आणि पूर्व प्रांतांचे एकत्रीकरण मात्र २००६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, आणि प्रांतांना पोलिस व जमिनीवरचे अधिकार द्यायचे की नाही, यावर कोलंबोत अजूनही घासाघीस चालू आहे.