करंडक सप्टेंबरचा, तालीम वर्षभराची

पुण्यातल्या कॉलेजांत जुलै महिना दोन गोष्टींचा असतो, प्रवेशांचा आणि नाटकाच्या ऑडिशनचा. वर्ग कुठे भरतो हेही पुरतं ठाऊक नसलेली पहिल्या वर्षाची मुलं संध्याकाळी कलामंडळाच्या खोलीबाहेर उभी असतात. आत तिसऱ्या वर्षाची दोघं-तिघं बसलेली. कुणी पाठ केलेलं स्वगत म्हणतं, कुणाला अचानक 'बस चुकली आहे आणि खिशात पैसे नाहीत' असा प्रसंग करायला सांगतात. काम चांगलं करणाऱ्याला घेतातच, पण जो दुसऱ्या दिवशी न बोलावता लेव्हल उचलायला हजर होतो, त्याला आधी घेतात. लेव्हल म्हणजे नेपथ्यातले लाकडी चौथरे. कॉलेजच्या नाटकात पहिल्या वर्षाचा बराचसा अभ्यास या चौथऱ्यांच्या खाली खांदा देऊन होतो.

ही सगळी धावपळ असते पुरुषोत्तम करंडकासाठी. महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्यातल्या संस्थेने 1963 साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली, संस्थेचे आधारस्तंभ पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ. प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये, अंतिम फेरी सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या आगेमागे. जागा सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. प्राथमिक फेरीत 51 संघ, त्यातून अंतिम फेरीत 9. पुण्याबाहेरही केंद्रं आहेत, कोल्हापूर, रत्नागिरी वगैरे. तिथले विजेते नंतर महाअंतिम फेरीत समोरासमोर येतात.

कलोपासकचं स्पर्धेचं काम दिसतं ते थोड्या आठवड्यांचं, पण तिच्या तारखांवर पन्नासेक कॉलेजांचं नाटकाचं वर्ष बेतलेलं असतं. संस्थेचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. कॉलेजचा नाटकाचा ग्रुप ही जगातली सगळ्यात ठिसूळ संस्था. दर तीन-चार वर्षांनी त्यातला एकूण एक माणूस निघून जातो. घटना नाही, वर्गणी नाही, इतिवृत्त नाही. शिकलेला मुलगा नीट शिकून होतो न होतो तोच निकाल लागून बाहेर पडतो. तरीही काही ग्रुप साठ वर्षं टिकलेत. ऑगस्टमधली ती तारीख टळत नाही आणि तिच्या आधी नव्या मुलांना तयार करण्यावाचून सीनियर मुलांना दुसरा मार्गच नसतो, म्हणून ते टिकले.

संहितेचा शोध तर उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरू झालेला असतो. आपल्यातल्याच कुणीतरी लिहावं अशी बहुतेक ग्रुपची इच्छा असते, आणि ती फार चांगली इच्छा आहे. अठरा-वीस वर्षांच्या माणसाने लिहिलेलं नाटक महिन्या-दोन महिन्यांत रंगमंचावर येतं आणि भरलेलं थिएटर ते बघतं, अशी सोय मराठीत दुसरीकडे फारशी नाही. वाचन होतं, भांडणं होतात, शेवट बदलतो, पुन्हा वाचन. मग संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे मुलांच्या भाषेत 'सेन्सॉरला', पाठवायची आणि नंबर यायची वाट पाहायची. कुठल्या संघाने कोणत्या दिवशी खेळायचं याचे लॉट निघतात, तेव्हापासून झोप कमी होते.

तालमी कुठे होतात हे एकदा बघण्यासारखं आहे. पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला लावून. रंगमंचाच्या मापाने जमिनीवर चिकटपट्टी लावलेली असते. पट्टीबाहेर पाय पडला की तू विंगेत गेलास. दिव्यांचं काम शिकणारा मुलगा कोपऱ्यात वही घेऊन बसलेला. त्याच्यासमोर दिवाही नसतो आणि बटणही नसतं, तरी प्रत्येक वाक्यापाशी 'फेड आउट', 'डावा स्पॉट' असं तो मोठ्याने म्हणत राहतो आणि नट त्या बोलण्यावर जागा घेतात. स्पर्धेच्या दिवशी खरा दिवा हाती येतो तेव्हा त्याचं बोट चुकत नाही, ते या वहीमुळे.

पुरुषोत्तमची एक गोष्ट मला मोलाची वाटते. इथे डोळे दिपवणाऱ्या तांत्रिक करामतीला भाव नाही. लक्ष असतं ते लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर. त्यामुळे ज्या कॉलेजकडे पैसा आहे आणि ज्याच्याकडे चार खुर्च्या आहेत, त्या दोघांना उभं राहायला सारखीच जमीन मिळते. सगळ्या कलांना मोकळं रान हवं असेल तर नव्या वर्षात फिरोदिया करंडक आहेच. तिथे ठरलेल्या विषयावर नाट्य, नृत्य, वाद्य, चित्र, शिल्प, सगळं एका सादरीकरणात गुंफायचं असतं. पुण्यातली मुलं दोन्ही करतात आणि त्यांना दोन्हींची गरज आहे. पण नुसत्या शब्दाने आणि शरीराने प्रेक्षक धरून ठेवायचा धडा आधी पुरुषोत्तम देतं.

भरत नाट्य मंदिराबद्दलही सांगायला हवं. ही संस्था 1894 साली 'स्टुडंट्स सोशल क्लब' म्हणून सुरू झाली, विद्यार्थ्यांच्याच हौसेतून. स्पर्धेच्या दिवसांत त्या प्रेक्षागृहात 'आव्वाज कुणाचा' अशी आरोळी उठते आणि दोन्ही बाजूंनी कॉलेजांची नावं छपराला भिडतात. पडदा सरकला की तेच पोरगेलं थिएटर एकदम गप्प होतं. नटाला एवढा दर्दी आणि एवढा निर्दय प्रेक्षक पुढे क्वचितच भेटतो.

याच वाटेने कोण कोण आलं याची यादी मोठी आहे, पण मला माणसांपेक्षा ग्रुपची गोष्ट महत्त्वाची वाटते. जब्बार पटेल, मोहन आगाशे बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी. सतीश आळेकरांनी 'झुलता पूल' ही एकांकिका 1969 मध्ये केली. ही सगळी कॉलेजातल्या नाटकातून आलेली मुलं पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या पुण्यातल्या नाट्यसंस्थेत भेटली, 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी थिएटर अकॅडमी निघाली. तीन दशकांनी 'आसक्त' ही नाट्यसंस्था आली, त्यानंतर निपुण धर्माधिकारी, अमेय वाघ यांच्या पिढीची 'नाटक कंपनी'. एकत्र चहा पिऊन, एकत्र हरून तयार झालेला ग्रुप कॉलेज संपल्यावरही सुटत नाही, आणि पुण्याची प्रायोगिक रंगभूमी बऱ्याच अंशी अशा न सुटलेल्या ग्रुपांनी चालवली आहे.

2022 साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या पातळीचं काम दिसलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठा वाद झाला. मुलांना लागलं, आणि लागणारच होतं. दोन महिने रात्री जागवलेल्या पोरांना 'कुणीच नाही' हे उत्तर पचणं सोपं नाही. तरी परीक्षकांना तो अधिकार असावा असं मला वाटतं. करंडक दर वर्षी द्यायचाच असता तर त्याच्यासाठी एवढं कुणी झटलं नसतं. मात्र असा निकाल देणाऱ्यांवर एक जबाबदारी येते. कुठल्या प्रवेशात काय सुटलं, संहिता कुठे उसनी वाटली, हे त्या त्या संघासमोर बसून सांगायला हवं. मुलांना कठोर बोलणं चालतं. मोघम बोलणं त्यांना मारतं.

स्पर्धा संपते. हरलेला ग्रुप महिनाभर विस्कटतो, परीक्षा येतात. जिंकलेला ग्रुप इतर स्पर्धांचे अर्ज भरतो. 25 जानेवारीच्या रात्री मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा असते, वर्षभरातल्या पहिल्या आलेल्या एकांकिकांची. त्या रात्री जागायला मिळावं हे पुष्कळांचं स्वप्न. फेब्रुवारीत तिसऱ्या वर्षाची मुलं कलामंडळाचं काम खालच्यांकडे सोपवतात. कपाटाच्या किल्ल्या, दिवे भाड्याने देणाऱ्याचा नंबर, कुठल्या शिपाईकाकांना विचारलं तर हॉल उघडून मिळतो ही माहिती. सगळं तोंडी.

इथेच कॉलेजांना काही करता येण्यासारखं आहे. सेमिस्टर पद्धतीने वर्षाचे तुकडे झाले, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंतर्गत परीक्षा येतात, हजेरीचा प्रश्न उभा राहतो. करंडक आला की प्रवेशद्वारावर फलक लागतो, पण त्याआधी तालमीला खोली मागायला गेलेल्या मुलांना सहा वाजता बाहेर काढलं जातं. फार काही लागत नाही. जुलै ते सप्टेंबर रात्री नऊपर्यंत एक खोली, एक पंखा, मुलींना घरी पोचवायची सोय, आणि तालमीत गेलेल्या तासांची हजेरी देणारा एक प्राध्यापक. ही मागणी प्राचार्यांकडे जूनमध्येच जायला हवी, कारण जुलैत ऑडिशन सुरू झाल्यावर ती लिहायला कुणाला वेळ नसतो.