माहूरची आई, मेक्सिकोची आई

बालमित्रांनो, माहूरगडावर रेणुकामातेचं फक्त मुख का पुजतात, ठाऊक आहे? कथा अशी, की परशुरामाने उतावीळपणे मागे वळून पाहिलं, तेव्हा जमिनीतून आईचं मुखच तेवढं वर आलं होतं. म्हणजे बाकीची आई डोंगरातच!

दूर मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोकही धरतीला ‘तोनान्त्सिन’, म्हणजे ‘आमची आई’ म्हणत. त्यांची राजधानी तळ्यातल्या बेटावर. शेतीला जागा कुठली? मग तळाचा गाळ उपसून त्यांनी वाफे रचले, कडेला वाळुंज लावले अन् मका पिकवला. तळं राहिलं, पोटंही भरली. १५२१मध्ये स्पॅनिशांनी राजधानी जिंकली. पुढे तळं उपसलं गेलं. आज तिथल्या मेक्सिको सिटीची जमीन खचते आहे!

तेव्हा गडावर तांबूल खाल्लात, की कागद खिशात ठेवा हं. आईच्या अंगावर कचरा कोण टाकतं?