जुन्या टेबलाचा कायाकल्प

वस्तू जुनी झाली म्हणून ती टाकून देण्याची रीत आपल्या आईवडिलांच्या पिढीला ठाऊक नव्हती. नऊवारी जीर्ण झाली की तिची गोधडी होई आणि मोडक्या पलंगाच्या फळ्यांतून देव्हारा उभा राही. खानदेशातून ताप्तीच्या काठाकाठाने सुरतेस आलेल्या व नवागाम-डिंडोली परिसरात स्थिरावलेल्या कुटुंबांचे पहिले संसार तर बहुधा अशाच दुसऱ्या हाताच्या वस्तूंवर उभे राहिले. आज सुबत्ता आली आणि ती दृष्टी मात्र हरवत चालली आहे. म्हणून एका जुन्या टेबलाविषयी, वैद्यकीय स्मरणिकेत काहीसे विषयांतर वाटले तरी, चार शब्द लिहीत आहे.

गावाकडचे घर बंद करून माझी आई गतवर्षी कायमची आमच्याकडे आली. वय ऐंशीच्या पुढे. येताना तिने फारसे काही आणले नाही. आणि नव्या खोलीत तिला आपले असे काहीच वाटत नव्हते. पाण्याचा तांब्या, चष्मा, पोथी, औषधे ठेवण्यास पलंगाशेजारी एखादे टेबल हवे होते. जुने फर्निचर विकणाऱ्याकडे हिरव्या रंगाचे एक चौपायी टेबल मिळाले. रंगाचे पोपडे निघत होते, पण टवका उडालेल्या ठिकाणी आत सागवान दिसत होते.

आधी तपासणी, मग उपचार

माझे एक जुने रुग्ण व्यवसायाने मिस्त्री आहेत. त्यांनी प्रथम टेबल उलटे केले. भुंगा लागल्याच्या बारीक छिद्रांतून ताजा भुसा गळत नाही ना, सांधे ढिले नाहीत ना, हे पाहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रंगाचं नंतर बघू. आधी पाय पक्के करू." त्यांचे म्हणणे वैद्यकशास्त्रासही धरून होते. वृद्ध माणूस रात्री उठताना हाताशी येईल त्याचा आधार घेतो. तेच डगमगले तर खुब्याच्या हाडावर बेतते. म्हणून तीन पायांचे टीपॉय पलंगाशेजारी नसावे. टेबलाची उंची गादीच्या पातळीस मिळतीजुळती ठेवावी व कोपरे गोल करून घ्यावेत. आम्ही जुना सरस खरवडून सांधे नव्याने बसविले आणि पायांखाली रबराच्या टोप्या घातल्या.

रंगातील विष

जुना रंग काढताना मात्र आपल्या व्यवसायबंधूंनी विशेष सावध असावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली अधिसूचित झाले व २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते असेच गृहीत धरावे. पोटात गेलेले शिसे लहान मूल प्रौढाच्या चार-पाच पट शोषून घेते आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर होतो. आमच्या घरी दोन वर्षांचा नातू आहे. हाती येईल ते तोंडात घालण्याचे त्याचे वय.

जुना रंग घट्ट बसलेला असेल तर त्यावरच नवा थर देणे अधिक सुरक्षित. आमच्या टेबलाचा रंग सुटत होता, म्हणून तो काढणे भाग होते. अशा वेळी कोरडे घासू नये आणि ज्योतीने जाळूही नये. गच्चीवर प्लास्टिक अंथरून, पाण्याने ओला केलेला पॉलिश पेपर वापरून, मुलांना दूर ठेवून हे काम केले. नाकावर एन-९५ मुखपट्टी होती. ओला गाळ पुसून पिशवीत बांधला, अंगावरचे कपडे वेगळे धुतले. लाकडाची धूळदेखील निरुपद्रवी नव्हे. नासिकेच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. आमचे मिस्त्री चाळीस वर्षे मुखपट्टीविना काम करीत आले. त्या दिवशी त्यांनी ती प्रथम बांधली आणि पुढे मुलासाठीही मागून नेली. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट.

लाख आणि जर

सजावटीसाठी आपल्याला दूर जावयास नको. लाकूड, हस्तिदंत व कथील यांच्या बारीक कांड्या जोडून, त्यांच्या पातळ चकत्या कापून भौमितिक नक्षी बसविण्याची सादेली कला सुरतेचीच. वडोदऱ्याकडील संखेड्याचे आणि आपल्या सावंतवाडीचे लाखकामही प्रसिद्ध आहे. आम्ही साधा मार्ग धरला. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने पातळ हात मारीत फ्रेंच पॉलिश केले. आपण लिहून देतो त्या काही गोळ्यांवरचे आवरणही याच लाखेचे असते! मात्र गरम पेल्याने या पॉलिशवर पांढरी वर्तुळे उठतात आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रव सांडले तर पॉलिशच विरघळते. कोणी जवसाचे तेल वापरणार असेल तर तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत; ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत.

पॉलिशच्या रक्षणासाठी वर टफन केलेली काच घालायचे ठरले. काचेखाली काय घालावे, हे आईनेच सुचविले. तिच्या लग्नातील शालूचे कापड विरले होते, काठ मात्र शाबूत होते. पैठणीसाठीसुद्धा जर जाते ती सुरतेची. आईच्या शालूची जरही कदाचित याच शहरातून खानदेशात गेली असेल आणि आता माहेरी परतली असेल! तो काठ तिने स्वतः उसवला, हात थरथरत असतानाही.

आज त्या टेबलावर तिचा तांब्या असतो. येणाऱ्याजाणाऱ्यास ती काचेखालचा काठ दाखविते आणि "हे माझं टेबल" असे म्हणते. "तुमच्याकडे" ऐवजी "आपल्याकडे" हा शब्दही आता तिच्या बोलण्यात येऊ लागला आहे.

गावचे घर सोडून मुलांकडे आलेले वृद्ध आपणा सर्वांच्या घरी व दवाखान्यात आहेत. त्यांच्या औषधांची यादी आपण काळजीपूर्वक करतो. त्यांच्या उशाशी त्यांची स्वतःची अशी एखादी वस्तू आहे काय, हेही एकदा विचारून पाहावे, एवढीच या निमित्ताने नम्र विनंती.