जुहूच्या कचेरीतून निघालेली पत्रे

"आपल्या देशात इंटरनेट कोणी आणलं?" असा प्रश्न मी एकदा आमच्या केंदूरच्या वर्गात विचारला. मुलांनी एका सुरात उत्तर दिलं, "जिओनं!" मागच्या बाकावरून एकाने तर चक्क गावातल्या मोबाइलच्या दुकानदाराचं नाव घेतलं. मुलांचं तरी काय चुकलं म्हणा! २०१६ साली स्वस्तात डेटा मिळू लागला, घरोघरी हातात फोन आला आणि त्यांच्या लेखी जगाची सुरुवातच तिथून झाली. पण मैत्रिणींनो, त्याच्या आधी तीस वर्षे मुंबईत जुहूच्या एका सरकारी संस्थेत काही मंडळी टेलिफोनच्या तारेवरून पत्रे पाठवण्याच्या खटाटोपात होती. त्यांचे म्होरके होते डॉ. श्रीनिवासन रमणी. टेलिफोन म्हटला की बेल आठवतो, रेडिओ म्हटला की मार्कोनी. हे नाव मात्र आपल्याला कोणी कधी पाठ करायला लावलेलं नाही.

रमणी हे नाव काही मराठी नाही, पण माणूस घडला आणि राबला तो मुंबईत. पवईच्या आय.आय.टी.तून त्यांनी पीएच.डी. केली आणि १९६४ साली ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. त्या संस्थेला संगणकाचे वेड आधीपासूनच होते. प्रा. आर. नरसिंहन यांच्या चमूने तिथे स्वतःच्या हाताने एक संगणक उभा केला होता. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टीफ्रॅक' असे नाव दिले. अख्खी खोली भरून टाकणारे यंत्र ते! आजच्या आपल्या साध्या मोबाइलपुढे त्याची ताकद काहीच नव्हती, पण आपल्या माणसांनी आपल्या हातांनी यंत्र बांधून पाहिले होते, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली असे मला वाटते.

तरुण रमणींना गोडी होती ती भाषेची. माणसाचे बोलणे यंत्राला कसे उमजावे, हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय. हल्ली ज्याला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणून उठता-बसता ऐकतो, त्यावर हे गृहस्थ पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी काम करीत होते. मग तारा जोडण्याच्या धंद्यात ते का शिरले? माझी समजूत अशी की ज्याला बोलण्याचे महत्त्व कळते, त्याला निरोप पोचण्याचेही कळते.

तिकडे अमेरिकेत २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संगणकाने स्टॅनफर्डच्या संगणकाला पहिला निरोप धाडला होता. शब्द पाठवायचा होता 'लॉगिन'. त्यातली 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र कोलमडले! शुभारंभाला नारळ नासका निघावा, तसा प्रकार. पण तासाभरात पुन्हा जोडणी झाली आणि जाळे वाढत गेले.

या जाळ्याची मूळ युक्ती फार सोपी आहे. समजा, तुम्हाला माहेरी दहा पानांचे पत्र पाठवायचे आहे आणि जवळ आहेत फक्त पोस्टकार्डे. मग काय कराल? मजकूर दहा कार्डांवर वाटून लिहाल, प्रत्येकावर पत्ता घालाल आणि कोपऱ्यात एक, दोन, तीन असे आकडे टाकाल. कार्डे वेगवेगळ्या वाटांनी गेली, पाचवे आधी आणि दुसरे नंतर पोचले, तरी आई आकडे लावून पत्र वाचेल. सातवे हरवले तर "सातवे पुन्हा पाठव" म्हणून कळवेल. संगणकाचे जाळे अगदी हेच करते. साध्या टेलिफोनवर दोन माणसे बोलत असली की ती तार त्यांच्यापुरती अडकते, मग ती नुसती "हं, हं" का करेनात. पोस्टकार्डांच्या पद्धतीत एकाच तारेवरून शंभर जणांची कार्डे पाठोपाठ जातात. तार महाग आणि दुर्मीळ असेल, तर याच्यासारखी काटकसर नाही.

आणि आपल्याकडे तार दुर्मीळच होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात ज्यांना आठवते, त्यांना वेगळे सांगायला नको. फोनसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. ट्रंककॉल लावून जेवायला बसायचे, तो लागला तर नशीब. लागलाच तर "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" यातच तीन मिनिटे संपायची! अशा देशात संगणक एकमेकांना जोडायचे म्हणणे म्हणजे गावात पूल नसताना मोटार घेण्यासारखे. रमणींनी मात्र उलटा विचार केला. तारा वाईट आहेत ना, मग वाईट तारांवरही चालेल असे काय करता येईल?

१९८२ साली त्यांनी रिचर्ड मिलर यांच्यासह एक निबंध सादर केला. त्यातली कल्पना मला फार आवडते, कारण ती आपल्या एस.टी.च्या डब्यासारखी आहे. शिकायला पुण्यात राहिलेल्या मुलासाठी गावाकडची आई सकाळच्या गाडीत डबा देते. गाडी तिच्या वेळेला पुण्यात पोचते, मुलगा स्टँडवर येऊन डबा उतरवून घेतो. दोघांची भेट व्हावी लागत नाही, गाडी कोणा एकासाठी अडूनही राहात नाही. रमणी-मिलर यांचे म्हणणे असे की, पृथ्वीभोवती कमी उंचीवरून फिरणारा एक लहान, स्वस्त उपग्रह असावा. तो ज्या प्रदेशावरून जाईल तिथले संदेश त्याने पोटात घ्यावेत आणि फिरत फिरत दुसऱ्या देशावर आला की तिथले तिथे उतरवावेत. तारा नाहीत, खांब नाहीत, गरीब देशांना परवडेल असे आकाशातले टपाल. संदेश साठवून नेणाऱ्या अशा छोट्या उपग्रहांचे प्रयोग पुढे १९८४ पासून इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या उपग्रहावरून खरोखर झाले.

१९८५ साली टाटा संस्थेतला संगणकाचा विभाग वेगळा होऊन 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी', म्हणजे एन.सी.एस.टी., ही स्वतंत्र संस्था झाली. जुहूची कचेरी ती हीच. रमणी तिचे संचालक. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास निधीच्या मदतीने 'अर्नेट' हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचे जाळे हाती घेतले. त्यात आठ घरे होती. एन.सी.एस.टी., बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास इथल्या पाच आय.आय.टी., आणि दिल्लीचे खुद्द ते खाते. एवढ्या मोठ्या देशात आठच घरे!

पहिली पत्रे गेली ती जुहूहून पवईला. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी कशाला आटापिटा, रिक्षात बसून चिठ्ठी हातात नेऊन दिली असती! खरंच आहे. पण दोन भांड्यांत दूध-दही नीट विरजले तर मग घागरभर विरजता येते. पद्धत अशी होती : दिवसभर लिहिलेली पत्रे संगणकात साठायची. मग हा संगणक साध्या टेलिफोनवरून त्या संगणकाला नंबर फिरवायचा, पलीकडून मोडेमची किंचाळल्यासारखी शिट्टी वाजायची, थैलीची अदलाबदल व्हायची आणि फोन खाली. लाइनीत खरखर झाली की अक्षरे बिघडायची, फोन तुटायचा, की पुन्हा नंबर फिरवा. लवकरच दिल्ली आणि मद्रासचे आय.आय.टी. या पत्रव्यवहारात आले आणि परदेशची डाक हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमच्या गणित-संगणक संस्थेमार्फत जाऊ-येऊ लागली. जुहू हे देशाचे एक नवे पोस्ट ऑफिस झाले, म्हणा ना.

सारखी चालू राहणारी, केवळ याच कामाची तार मुंबई आणि दिल्लीदरम्यान मिळाली ती जानेवारी १९९१ मध्ये. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे किती? लग्नातला एखादा साधा फोटो आज तीन एम.बी.चा असतो. तो एक फोटो त्या तारेवरून जायला चाळीस मिनिटे लागली असती. १९९२ मध्ये जुहूहून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४,००० बिटांची जोडणी झाली. तो फोटो आता सहा-साडेसहा मिनिटांत गेला असता, पण बाकी सगळ्या प्राध्यापकांनी हात जोडून बसायचे कबूल केले असते तरच! म्हणून तेव्हा फोटो नव्हते. होती ती नुसती अक्षरे, मोजून-मापून लिहिलेली.

यंत्रे जोडली तरी घरे जोडली जात नाहीत, हे आपल्याला संसारात कळतेच. त्या काळी जगात संगणकांच्या बोलण्याच्या दोन रीती होत्या. एक आंतरराष्ट्रीय समित्यांनी कागदावर ठरवलेली, दुसरी अमेरिकेत वापरातून रुळलेली. सरकारी मंडळींचा ओढा स्वाभाविकच पहिलीकडे. अर्नेटने दोन्ही चालवून पाहिल्या. सोय पाहून लोक दुसरीकडे वळले आणि आज आपल्या फोनमध्ये तीच आहे. ती रीत बॉब कान यांच्या जोडीने रचणारे व्हिंट सर्फ यांना स्वतःला कमी ऐकू येते, आणि त्यांच्या पत्नी सिग्रिड यांना लहानपणीच बहिरेपण आले. टेलिफोन ज्यांच्या उपयोगाचा नाही अशांना लिहिलेला निरोप क्षणात पोचणे म्हणजे काय, ते या घराला कोणी समजावून द्यायला नको.

माझ्या मते रमणींचे खरे मोठेपण तारांपेक्षा माणसे तयार करण्यात होते. एन.सी.एस.टी.ने सॉफ्टवेअरचे अभ्यासक्रम काढले, परीक्षा घेतल्या, आणि त्यातून तयार झालेली मुले-मुली कंपन्यांत पसरली. भारतीय पत्त्यांच्या शेवटी येणारे 'डॉट इन' आहे ना, ते आपल्या देशाचे आडनावच. त्याची नोंदवही कैक वर्षे याच संस्थेकडे होती. हे काम जन्म-मृत्यूच्या नोंदीसारखे. त्यात वाहवा नाही, पण बिनचूकपणा हवा.

सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. २५० तासांसाठी घरगुती ग्राहकाला पाच हजार रुपये! तेव्हाचे पाच हजार, लक्षात घ्या. साध्या नोकरदाराच्या घरात त्यावर महिन्याचा किराणा, दूध, शाळेची फी सगळे भागायचे. त्यामुळे आपल्यासारख्यांना ते बरीच वर्षे केवळ ऐकून माहीत होते. आमच्या केंदूरला खेटून असलेल्या पाबळला मात्र वेगळाच योग होता. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी मुंबईतली हिंदुस्थान लिव्हरची मोठी नोकरी सोडून १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला होता. २००२ मध्ये अमेरिकेच्या एम.आय.टी.च्या साहाय्याने तिथे 'फॅब लॅब' उभी राहिली, अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. तिची कल्पनाच अशी की एका ठिकाणी केलेला नमुना जाळ्यावरून दुसरीकडे पाठवावा आणि तिथल्या मुलांनी तो आपल्या हाताने बनवावा. जाळे नसते, तर पाबळची मुले आणि बोस्टनची मुले एका नमुन्यावर डोके लावून बसली असती का?

२०१४ साली 'इंटरनेट हॉल ऑफ फेम' या जागतिक मानाच्या यादीत डॉ. रमणींचे नाव आले. त्याच वर्षीच्या यादीत नेपाळचे महावीर पुन होते, ज्यांनी हिमालयातल्या खेड्यांत बिनतारी इंटरनेट नेले, आणि एक बाईही होत्या, राडिया पर्लमन. जाळ्यात वाटा वाढल्या की निरोप गोल गोल फिरत राहून सगळेच तुंबते. ते होऊ नये म्हणून कोणत्या वाटा वापरायच्या आणि कोणत्या तात्पुरत्या मिटून ठेवायच्या, हे यंत्रांनी आपापसात ठरवण्याची रीत पर्लमनबाईंनी १९८५ च्या सुमारास काढली, आणि ती समजावायला एक कविताही लिहिली! (कामाच्या कागदावर कविता लिहिणारी बाई मला तरी आपलीच वाटली.)

रमणी २००० सालापर्यंत एन.सी.एस.टी.त होते. पुढे बंगळूरला एच.पी. कंपनीची प्रयोगशाळा उभी करण्याचे काम त्यांनी केले. संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. पण तिच्या शेवटच्या वर्षांतली एक गोष्ट आपल्या घरापर्यंत आली आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी, मूळचे कोल्हापूरचे, नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे अक्षरांच्या कामासाठी येऊ लागले. शाई आणि बोरूने आयुष्यभर अक्षरे घोटलेला हा माणूस आता संगणकासाठी देवनागरी घडवू लागला. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यंत्राला नीट मांडता यावीत म्हणून त्यांनी जो टंक तयार केला, तो 'मंगल'. विंडोज २००० पासून तो मायक्रोसॉफ्टच्या संगणकांत बसवलेला मिळू लागला, आणि मराठीत लिहिलेले पत्र तिकडच्या यंत्रावर चौकोन-चौकोन न दिसता मराठीतच दिसू लागले. जोशी २००८ साली गेले. बँकेत, तहसीलात किंवा शाळेच्या कचेरीत संगणकावर छापलेला मराठी कागद हाती आला, तर त्यातली अक्षरे जरा निरखून पाहा. बरेचदा ती त्यांचीच असतात.