पेशीच्या बटणावर विषाणूचं बोट

एचआयव्हीच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाच्या, रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असा शेरा आला, की रुग्णाच्या मनात पहिला प्रश्न येतो : मग आता गोळ्या थांबवायच्या का? उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि त्याचं कारण पेशीच्या केंद्रकात दडलेलं आहे.

एचआयव्ही हा अवघ्या नऊ जनुकांचा विषाणू. प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशीत शिरला की तो आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्याच गुणसूत्रात कायमचा जोडून टाकतो. पेशी ही घुसखोरी मुकाट सोसत नाही. तिच्याकडचं एपोबेक-३जी हे प्रथिन विषाणूचा डीएनए तयार होत असतानाच त्यातली अक्षरं बदलतं. इतक्या चुका होतात, की पुढे त्यावरून धड विषाणूच बनू शकत नाही. मायकेल मॅलिम यांच्या गटाने २००२ मध्ये हे प्रथिन शोधलं.

एवढा पहारा असून लागण होते कशी? विषाणूजवळ व्हिफ नावाचं प्रथिन आहे. ते एपोबेकवर ‘मोडीत काढा’ अशी खूण लावतं आणि पेशीची स्वतःची सफाई यंत्रणाच या पहारेकऱ्याचा निकाल लावते. दुसऱ्या एका पहारेकऱ्याचीही अशीच गत आहे. रिसस माकडाच्या पेशीत ट्रिम-५-अल्फा हे प्रथिन एचआयव्हीचं कवच पकडून त्याला तिथेच थोपवतं. माणसातही ते आहे. पण आपल्यातल्या प्रथिनाची या कवचावरची पकड फार ढिली आहे.

खरी मेख पुढे आहे. जंतूची चाहूल लागली की एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात जाऊन संरक्षणाची जनुकं चालू करतं. एचआयव्हीच्या डीएनएच्या तोंडाशी याच प्रथिनाला बसायला जागा आहेत. म्हणजे शरीर बचावासाठी जे बटण दाबतं, त्यानेच विषाणूही जागा होतो! युरोप-अमेरिकेत आढळणाऱ्या बी उपप्रकारात अशा जागा सहसा दोन असतात. भारतात सर्वाधिक पसरलेल्या सी उपप्रकारात तीन. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधील उदयकुमार रंगा यांच्या गटाला तर चार जागांचे विषाणूही भारतात सापडले.

पेशी विश्रांतीत गेली, की हे बटण बंद होतं. विषाणूचा डीएनए मुका पडून राहतो. प्रथिनंच बनत नसल्याने प्रतिकारशक्तीला तो दिसत नाही. गोळ्या नव्या पेशींची लागण रोखतात. गुणसूत्रात आधीच जोडल्या गेलेल्या डीएनएला त्या हात लावू शकत नाहीत. नियमित उपचारांतही अशा पेशींचा साठा निम्म्यावर यायला सरासरी ४४ महिने लागतात. गोळ्या थांबल्या, की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परततो.

सरकारी एआरटी (अँटीरेट्रोव्हायरल उपचार) केंद्रांत ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात. रिपोर्ट कितीही चांगला आला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.