कोरड्या कुंडीतील भुईचाफा

चैत्राच्या सुमारास कोल्हापुरात ऊन तापू लागते आणि बाल्कनीतील बहुतेक रोपे माना टाकतात. नेमक्या त्याच दिवसांत, मातीखेरीज काहीही दिसत नसलेल्या एखाद्या कुंडीतून पांढरी-जांभळी, सुगंधी फुले थेट वर येतात. ना पान, ना खोड. हा भुईचाफा, संस्कृतातील भूमिचंपक. झाडावरच्या चाफ्याशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. तो आले आणि हळदीचा भाऊबंद. लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'केम्फेरिया रोटुंडा' हे नाव दिले, ते जपानमध्ये काही काळ राहिलेले जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्फर यांच्या स्मरणार्थ.

एवढे देखणे रोप घरोघरी टिकत का नाही, याचे उत्तर त्याच्या झोपेत आहे. पावसाळा सरला की भुईचाफ्याची पाने पिवळी पडू लागतात आणि हिवाळ्यात पूर्णपणे वाळून जातात. रोप मेले असे समजून अनेक जण कुंडी रिकामी करतात. काही जण ते जगावे म्हणून अधिक पाणी घालतात. दुसरा उपाय पहिल्याइतकाच घातक ठरतो. वस्तुत: हळदीचा पाला वाळला म्हणून शेतकरी पीक गेले असे म्हणत नाही. भुईचाफ्याचेही तसेच आहे. त्याचा कंद आणि मुळांच्या टोकांना लोंबणाऱ्या छोट्या गाठी अन्न साठवून स्वस्थ पडलेल्या असतात. शंका आल्यास माती किंचित उकरून कंद दाबून पाहावा. टणक लागला तर तो जिवंत आहे.

सध्या पाकिटातून मिळणाऱ्या 'अॅनिमोनी'च्या कंदांमुळे हा घोळ वाढण्याची शक्यता आहे. ग्रीक भाषेत 'अॅनेमॉस' म्हणजे वारा. त्यावरूनच इंग्रजीत तिला 'विंडफ्लॉवर' म्हणतात. सह्याद्रीतील मोरवेल तिच्याच कुळातील. फुलदाणीत दिसणारी लाल-निळी अॅनिमोनी मूळची भूमध्य सागराच्या परिसरातील. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे ती थंडीत वाढते, वसंतात फुलते आणि उन्हाळाभर झोपते. तिचे कंद आपल्याकडे नोव्हेंबरच्या आसपास काही तास पाण्यात भिजवून लावावेत, हवेशीर जागी ठेवावेत. मात्र कोल्हापूरची थंडी सौम्य आणि थोड्याच दिवसांची असल्याने फुलांची खात्री देता येत नाही. भुईचाफा मोसमी पावसाचे वेळापत्रक पाळणारा. दोघांच्या झोपेचे ऋतू उलटे असल्याने, एका नियमाने दोन्ही कुंड्यांना पाणी घातल्यास एक तरी कंद कुजणार हे नक्की.

भुईचाफ्यासाठी कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी आणि तळाची छिद्रे मोकळी असावीत. पंचगंगाकाठची काळी माती उसाला कितीही मानवत असली, तरी कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तांबडी माती, जाडसर वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण उत्तम. कंद सुमारे दोन इंच खोल लावावा. सकाळचे कोवळे ऊन मिळणारी पूर्वेची बाल्कनी त्याला पुरते. दुपारच्या उन्हात पाने करपतात, तर अंधाऱ्या दिवाणखान्यात पाने येतात पण फुले रुसतात.

पाण्याचे गणित सोपे आहे. पाने वाळू लागताच पाणी कमी करावे आणि ती गळाल्यावर बंद करावे. रोज पाइपने सरसकट पाणी मारले जाते तेथे ही कुंडी बाजूला सरकवून ठेवणे श्रेयस्कर. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही तशी कल्पना द्यावी. मार्चमध्ये माती अगदीच कोरडी असल्यास थोडे पाणी शिंपडावे. वळवाच्या सरी येऊन गेल्या की वरच्या बाजूने चट्टेदार आणि खालून जांभळट झाक असलेली पाने वर येतात. खत द्यायचे ते याच काळात, कारण पुढच्या चैत्रातील फुलांची शिदोरी पावसाळ्यातील पानेच तयार करतात. ती हिरवी असताना कापणे म्हणजे पुढच्या वर्षीची फुले कापणे.

एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, पण कंदांचा गड्डा जुना असेल तर काही आठवडे रोज नवी फुले येत राहतात. दोन-तीन वर्षांनी कुंडी दाटली की फुले संपल्यावर, पाने फुटण्यापूर्वी गड्डा सोडवावा. प्रत्येक तुकड्याला डोळा आणि मुळांच्या काही गाठी राहतील, एवढे पाहावे. वाटून दिलेल्या कंदाला पहिल्या वर्षी फूल आले नाही, तरी शेजाऱ्यांना कुंडी रिकामी करू देऊ नये.